हिवाळ्यातील अंडी आणि कोंबड्यांची झोप

मार्गशीर्ष-पौष महिन्यांत परसातील कोंबड्यांची अंडी एकाएकी कमी होतात. कोंबडी आता निकामी झाली असे समजून पुष्कळ घरांतून ती आठवड्याच्या बाजारात विकली जाते. वास्तविक यांपैकी बऱ्याच कोंबड्यांत काहीच दोष नसतो. त्यांना केवळ उजेड कमी पडत असतो.

कोंबडीला उजेडाची जाणीव डोळ्यांनीच होते असे नाही. तो कवटीच्या पातळ हाडातून मेंदूपर्यंत पोहोचतो व त्यायोगे अंडाशयास चालना मिळते. हे कार्य नीट चालण्यास दिवसाकाठी सुमारे १४ तास उजेड लागतो. पुण्याच्या आसपास डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, आणि जूनमध्येही तो १३ तासांच्या फारसा पुढे जात नाही. ही उणीव दिव्याने भरून काढता येते.

दिवा मात्र पहाटे लावावा, रात्री नव्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावी मी संध्याकाळनंतर दिवा ठेवण्यास सांगितले होते. नऊ वाजता तो एकदम मालवला गेला. सकाळी पाहतो तो कोंबड्या खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या, आणि दोन गुदमरून मेलेल्या! चूक माझीच होती. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. तिन्हीसांजेच्या मावळत्या उजेडातच ती दांडीवर आपली जागा धरते व तेथेच झोपते. दांडीवर बसताना पाय दुमडले की स्नायुरज्जू ताणले जाऊन बोटे आपोआप आवळली जातात, त्यामुळे झोपेतही ती पडत नाही. याकरिता दांडी सुमारे दोन इंच रुंद, कडा गोल केलेली, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावी व दर कोंबडीस आठ इंच जागा मिळावी.

रात्रभर दिवा ठेवणे हेही अयोग्य होय. अंड्याचे कवच बव्हंशी रात्री घडत असते. त्यासाठी संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा खाण्यास द्यावा व नंतर आठ तास तरी पूर्ण अंधार व शांतता राहू द्यावी.

प्रारंभी पहाटे अर्धा तास दिवा लावून दर आठवड्यास अर्ध्या तासाने वेळ वाढवावी. डिसेंबरात चारच्या सुमारास दिवा लागला म्हणजे पुरे. लहान खुराड्यास पिवळसर उजेडाचा पाच वॅटचा एलईडी दिवा पुरतो. दाणा-पाणी त्या वेळी समोर असावे. गुण दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. पिसे गळत असतील तर ती पुन्हा येईपर्यंत अंड्यांची अपेक्षा करू नये.

जेथे पहाटेच्या विजेचा भरवसा नाही तेथे हा खटाटोप करू नये. उजेड अकस्मात घटल्यास अंडी घालणाऱ्या कोंबड्याही पिसे गाळू लागतात. तसेच १८ आठवड्यांच्या आतील तलंगांना जादा उजेड देऊ नये. त्या अवेळी अंड्यावर येतात, अंडी लहान राहतात व प्रसंगी अंडमार्ग बाहेर येतो.

गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींना दिव्याचा खर्च परवडतो. वारंवार खुडूक होणाऱ्या गावठी कोंबडीस त्याचा लाभ थोडाच. तिला घट्ट दाराचे, घूस व रानमांजर शिरणार नाही असे खुराडे आधी करून द्यावे. दिवस मोठा होऊ लागला म्हणजे दिव्याची वेळ हळूहळू कमी करावी, परंतु आषाढातही पहाटे तासभर तो चालू ठेवावा लागतो.