साठ किलोचा गट

डिसेंबर ते मार्च हा मुंबईत शरीरसौष्ठवाचा हंगाम. लालबाग, परळ, नायगाव, कुर्ला या भागांत या दिवसांत कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या मैदानावर मंच उभा राहतो, दिवे लागतात आणि निवेदक गट पुकारू लागतो: पंचावन्न किलो, साठ, पासष्ट, सत्तर. विभागाच्या नावापुढे 'श्री' लावलेले छोटे किताब, मग मुंबई श्री, महाराष्ट्र श्री आणि सगळ्यांत वर भारत श्री, अशी ही चढण. मैदानात शिट्ट्या मारणारी पोरं असतात, तशा पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या आयाही असतात. मंचावरच्या मुलाकडे पाहून वाटतं, हा आत्ता विजेचा खांबही उपटेल. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी तो वर्षातला सगळ्यांत अशक्त माणूस असतो. मंचाच्या चार पायऱ्या चढतानाही त्याच्या मांड्या थरथरत असतात.

हौशी सौष्ठवपटूची तयारी म्हणजे काय, ते या विरोधात दडलेलं आहे. शरीर कमावण्याचं काम त्याने आधीच्या तीन-चार वर्षांत केलेलं असतं. स्पर्धेआधीच्या चार महिन्यांत तो फक्त काढून टाकतो. किती काढायचं आणि कुठे थांबायचं, यातच सगळं कसब आहे.

अंगकाठी पाहून क्रमांक लावण्याची ही कल्पना जुनी आहे. युजेन सँडो या जर्मन वंशाच्या बलोपासकाने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिली मोठी स्पर्धा भरवली. पंच म्हणून त्याच्यासोबत चार्ल्स लॉज हा शिल्पकार आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल बसले होते. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला. पुढे १९०४-०५मध्ये सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. पण महाराष्ट्राची त्याच्याशी ओळख त्याआधीची. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवून कित्येक वर्षं त्याच्या पद्धतीने व्यायाम करत होते. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचा प्रचार त्यांनी जन्मभर केला. इथल्या व्यायामशाळेत आजही भिंतीवर मारुती असतो आणि त्याच्या समोर डंबेल्सची रांग असते, त्या दोन धारा अशा फार आधीपासून एकत्र वाहत आल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर चारच वर्षांनी, १९५१मध्ये, बंगालच्या मनतोष राय यांनी मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपला गट जिंकला आणि पुढच्याच वर्षी मनोहर आईच यांनी. आईच यांची उंची पाच फूटही नव्हती. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कानाखाली मारल्याबद्दल ते तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी वजनं उचलण्याचा व्यायाम मनावर घेतला. शंभरी ओलांडून २०१६मध्ये ते गेले. बुटक्या, हलक्या गटातल्या मुलांना व्यायामशाळेत आईच यांची गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. मोठ्या देहांच्या या खेळात सुरुवातीच्या काळात भारताचं नाव करणाऱ्यांत एक असा लहानखुरा माणूस होता.

आपण साठ किलोच्या गटातला एक मुलगा धरू. दिवसा कुरिअरच्या गोदामात उभ्याने काम, संध्याकाळी व्यायामशाळा. सप्टेंबरच्या शेवटी त्याचं वजन ६६ किलो आहे आणि त्यात साधारण चौदा टक्के चरबी, म्हणजे सव्वानऊ किलो. उरलेले पावणेसत्तावन्न किलो म्हणजे हाडं, स्नायू, पाणी आणि बाकीचा देह. यातलं काही न गमावता चरबी पाच टक्क्यांवर आणली, तर काटा ५९ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास थांबतो. गट पाच-पाच किलोंचे असतात. साठच्या वर शंभर ग्रॅम जरी भरले तरी त्याला पासष्टच्या गटात जावं लागेल, आणि तिथे अंगावर पाच किलो जास्त मांस असलेल्या मुलाच्या शेजारी उभं राहावं लागेल. 'वजनात बसणं' हा शब्द या मुलांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतो, तो यामुळे.

सव्वासहा किलो सोळा आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला चारशे ग्रॅम. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्या हिशेबाने रोज सुमारे साडेचारशे कॅलरी कमी खायच्या. याहून घाई केली की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं आणि मग वजनात बसूनही मंचावर दाखवायला काही उरत नाही. चांगला कोच ओळखायची माझी खूण हीच आहे: तो मुलाला हंगामाच्या सहा आठवडे आधी तयारीला घेत नाही, पुढच्या वर्षी ये म्हणतो.

जानेवारीच्या मध्यावरची स्पर्धा धरली, तर या सोळा आठवड्यांत नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि अगदी तोंडावर संक्रांत, सगळं येतं. म्हणून ही तयारी एकट्याची राहत नाही. ती घराच्या ओट्यावर येते. दीडशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. दहा अंड्यांचे पांढरे मिळून पस्तीस ग्रॅम होतात, पाव किलो बोनलेस चिकनचे पंचावन्नच्या पुढे, व्हे पावडरचा एक स्कूप चोवीस, आणि बाकीची भर मूग, दही, भाकरी मिळून पडते. मांस न खाणाऱ्या घरात सोयाबीनच्या वड्या धावून येतात, त्यांत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. ओट्यावर छोटा डिजिटल काटा येतो. आधी आईला त्याचा राग येतो, भात काय तोलून वाढायचा असतो का म्हणून. महिन्याभरात तीच सांगू लागते, की शिजल्यावर तांदूळ जवळजवळ तिप्पट भरतो, तर तू कच्चा तोललास की शिजलेला ते आधी बोल. उरलेले पिवळे बलक घरच्यांच्या आमलेटात जातात. भाऊबीजेला बहिणीने करंजी पुढे केली तर ती डब्यात ठेवून नाव लिहिलं जातं. अशा घरांविषयी मला अतोनात आदर वाटतो. मिळालेला करंडक मुलाच्या हातात दिसतो, पण चार महिने दोन वेगळे स्वयंपाक करणारं माणूस मंचावर कधीच नसतं.

व्यायामशाळेतला भाग त्या मानाने सरळ आहे. वजनं जमतील तेवढी जड ठेवायची, कारण स्नायूला आपली गरज आहे हे कळत राहिलं पाहिजे. सकाळी चालणं वाढवायचं. नोव्हेंबर संपता संपता ताकद उतरू लागते, बेंच प्रेसच्या पट्टीवरून एक-एक प्लेट कमी होते, आणि ज्याची सगळी ओळख उचललेल्या वजनावर उभी आहे त्या मुलाला ते सोसवत नाही. इथे कोचने शेजारी असावं लागतं.

पण खरी शाळा पोझिंगची. अनिवार्य पोझेस सात: समोरून डबल बायसेप्स, समोरून लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, पाठीमागून डबल बायसेप्स, पाठीमागून लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि शेवटी पोट व मांड्या. नवखा मुलगा आरशासमोर उभा राहिला की आधी हात वर नेतो आणि दंड फुगवतो. तेवढ्यात मागून आवाज येतो, "अरे, पाय पकड आधी!" पोझ खालून बांधत न्यायची असते. पायाची बोटं जमिनीत रुतवायची, टाच किंचित दाबून पोटरी काढायची, गुडघ्याच्या वरचा स्नायू तुटक दिसेपर्यंत मांडी आवळायची. मग श्वास सोडत पोट आत, छाती वर, बगलेखालचे लॅट्स दोन्हीकडे उघडायचे, आणि सगळ्यांत शेवटी कोपरं खांद्याच्या रेषेच्या जरा वर नेऊन मनगटं वळवायची. एवढं झाल्यावर चेहरा मोकळा ठेवायचा. हसायचं. "सर, उजवी मांडी धरतेय," मुलगा दातांवर दात ठेवून म्हणतो. "धरू दे. दहापर्यंत मोज." एका पोझला दहा सेकंद, सात पोझेस, आणि पंचांनी तुलनेसाठी पुन्हा पुढे बोलावलं तर परत तेच. रोज अर्धा तास हा सराव केलेल्या मुलाचं अंग पोझ सुटल्यावरही बांधलेलं राहतं. सराव न केलेला मुलगा दुसऱ्या फेरीत पोट सोडतो, आणि पंचांची नजर नेमकी तेव्हा त्याच्यावर असते.

पाठीची पोझ सगळ्यांत अवघड, कारण ती स्वतःला दिसत नाही. मागे टाकलेला पाय चवड्यावर हवा, म्हणजे पोटरी आणि मांडीचा मागचा भाग उठून दिसतो. कोपरं थोडी मागे, पाठ किंचित कलती. हे सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनी शिकावं लागतं. कोच बोट लावून दाखवतो, "इथून आवळ, इथून." मोबाइलमध्ये काढलेला व्हिडिओही दाखवतो, पण बोटाने सांगितलेलं अंगात लवकर उतरतं. अनिवार्य पोझेसनंतर संगीतावर स्वतःची मिनिटभराची फेरी असते. तिथे ज्याने अंगाची लय शिकलेली आहे तो मैदान जिंकतो.

शेवटच्या आठवड्याविषयी मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. कातडी कागदासारखी पातळ दिसावी म्हणून पाणी तोडायचं, मीठ बंद करायचं, ही समजूत आपल्या व्यायामशाळांत खोल रुजली आहे. स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. भात-बटाटा खाऊन स्नायूत साठवलेलं ग्लायकोजेन, दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, आणि त्यानेच स्नायू भरलेला दिसतो. पाणी तोडलं की आधी तो भरीवपणाच जातो. पुढे जाऊन लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आहेत, त्यांत सोडियम-पोटॅशियमचा तोल जाऊन हृदयाचा ठोका बिघडतो. अल्जीरियात जन्मलेला, फ्रान्सकडून उतरणारा मोहम्मद बेनाझिझा ऑक्टोबर १९९२मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकला आणि काही तासांत मरण पावला. त्याच्या जगात पैसा होता, नाव होतं. विभागीय किताबाच्या काही हजारांसाठी गोदामात काम करणाऱ्या मुलाने तीच गोळी गिळावी, याची चीड यायला हवी. भुलीच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायचं मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन व्यायामाआधी टोचून घेणारी पोरं आहेत, पोलिसांनी राज्यात त्याचे साठे पकडले आहेत. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे नाडाच्या दोषींच्या याद्यांत शरीरसौष्ठवपटूंची नावं सतत दिसतात. छोट्या स्पर्धांत चाचणी करायला कुणी येत नाही. तिथे मुलगा आणि औषध यांच्यामध्ये फक्त त्याचा कोच उभा असतो, आणि काही ठिकाणी कोचच बाटली पुढे करतो. ज्या संघटना दिव्यांवर आणि डीजेवर खर्च करतात, त्यांनी प्रत्येक मंचामागे एक डॉक्टर आणि रक्तदाबाचं यंत्र ठेवलंच पाहिजे.

आदल्या रात्री रंग लागतो. अंगावरचा केस न् केस काढलेला असतो. प्रखर दिव्यांत सावळी त्वचाही फिकी पडते आणि स्नायूंमधल्या रेषा पुसल्या जातात, म्हणून तपकिरी टॅनचे दोन-तीन हात द्यायचे. पाठ, बगल आणि गुडघ्याची मागची बाजू मित्र रंगवतो. कोपरावर रंग जास्त बसतो, तिथे स्पंज हलका फिरवायचा. मग हात-पाय फाकून पंख्याखाली उभं राहायचं आणि जुनी चादर अंथरून निजायचं. दुसऱ्या दिवशी काट्यावर ५९ किलो ६५०. मंचामागे रबरी पट्टे ओढून आणि जोर मारून अंगात रक्त खेळवतात. वर जाण्याआधी तेलाचा अगदी पुसट हात.

पंच गुण देत नाहीत, क्रमांक देतात. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. टोकाचे क्रमांक वगळून बेरीज होते आणि सगळ्यांत कमी बेरजेचा मुलगा गटविजेता ठरतो. म्हणजे हा खेळ शेवटी शेजारी उभं राहण्याचा. आपली मांडी चांगली आहे का, याला अर्थ नाही. डावीकडच्यापेक्षा चांगली आहे का, एवढंच विचारलं जातं. गटविजेते पुन्हा एकत्र येतात आणि त्यांच्यातून किताबाचा मानकरी निवडला जातो. तिथे साठचा मुलगा नव्वदच्या शेजारी उभा राहतो, आणि प्रमाणबद्धता व कोरीवपणा त्याच्या बाजूने असेल तर तो जिंकूही शकतो.

या सगळ्याची शरीराला काय किंमत पडते, त्याचा नीट हिशेब एका अभ्यासात आहे. औषधं न घेणाऱ्या एका सौष्ठवपटूची सहा महिने तयारीत आणि सहा महिने नंतर अशी मोजमापं संशोधकांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केली. चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली होती. नाडीचे ठोके मिनिटाला ५३ होते, ते २७वर उतरले. टेस्टोस्टेरॉन पूर्वीच्या चौथ्या भागाइतकं राहिलं, मन चिडचिडं झालं, ताकद घटली. स्पर्धेनंतर महिन्याभरात नाडी ४६वर आली, हार्मोनही पुढे परतलं, पण ताकद सहा महिन्यांनीही पुरती भरून निघाली नव्हती. एकाच माणसाची ही नोंद आहे, पण मंचामागे भिंतीला टेकून बसलेली पोरं पाहिली की ती खरी वाटते.

म्हणून स्पर्धेनंतरचे दोन महिने तयारीतच धरायला हवेत, आणि आपल्याकडे नेमकं तिथे मार्गदर्शन सुटतं. करंडक घेऊन मुलगा त्याच रात्री वडापाव, बिर्याणी, गुलाबजाम एका बैठकीत खातो, आठवड्यात पाच किलो वजन चढतं, पाय सुजतात, आणि आरशातला माणूस ओळखू येईना म्हणून तो व्यायामशाळेत जायचंच टाळतो. शहाणा कोच दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो. आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरी वाढवत नेतो, पाणी आणि मीठ पूर्ववत करतो, चरबी दहा-बारा टक्क्यांवर परत येऊ देतो. एप्रिलपर्यंत झोप लागू लागते. मग दोघं बसून पुढच्या वर्षाचं ठरवतात: साठमध्येच राहायचं आणि पाठ, पोटऱ्या भरायच्या, की पासष्टकडे निघायचं. चार वर्षं मुरलेल्या, औषधाला न शिवणाऱ्या मुलाच्या अंगावर वर्षात किलो-दीड किलो स्नायू चढला तरी पुष्कळ झालं. पासष्टच्या गटात शोभायला निदान तीन वर्षं हवीत.