वारुळाचे दोन सोबती: अस्वल आणि अळंबी

बुलढाणा जिल्ह्यातले रोहिणखेड इतिहासात जुन्या लढायांमुळे ओळखले जाते. घाटाखालच्या या गावाच्या जिल्ह्यातच ज्ञानगंगा अभयारण्य आहे, आणि ते प्रसिद्ध आहे अस्वलांसाठी. अस्वलाचे आवडते खाद्य म्हणजे वाळवी. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते.

याच वाळवीच्या काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात. पालापाचोळा, लाकूड पचवायला त्यांना ती बुरशी लागते. पावसाळ्यात वारुळातून लांब देठाची छत्री वर येते, ती या बुरशीचे फळ. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून ही ‘रोयणीची अळमी’. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस.

दोघांच्याही वर्गीकरणात आधी चूक झाली. लांब नखे पाहून १७९१ मध्ये अस्वलाची गणना ‘स्लॉथ’ या अमेरिकी प्राण्यांत झाली. ती चूक लवकरच सुधारली. इंग्रजी नावात मात्र ‘स्लॉथ’ राहून गेला. अळंबीची चूक फार टिकली. लिनियसने बुरशीला वनस्पतींत बसवले होते. व्हिटकरने १९६९ मध्ये तिला स्वतंत्र सृष्टी दिली. बुरशीला हरितद्रव्य नाही, तिच्या पेशीभित्तीत कायटिन असते, आणि जनुकांच्या हिशेबाने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची.

वर्गीकरणातली जागा संरक्षणही ठरवते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अस्वल त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जागतिक लाल यादीतही ते ‘असुरक्षित’ गटात मोडते. कायद्याच्या अनुसूचींत प्राणी आहेत, वनस्पती आहेत. बुरशीसाठी वेगळे घर नाही. अभयारण्याच्या हद्दीत काहीही उपटायला बंदी आहे, म्हणून तिथे अळंबीलाही आडोसा मिळतो. हद्दीबाहेर तिचे नाव घेणारे कोणी नाही.

अळंबी खुडल्याने जमिनीतली बुरशी लगेच मरत नाही. वारूळच फोडले, शेत सपाट केले, वाळवीवर विष टाकले, तर मात्र बुरशी जाते आणि अस्वलाचे अन्नही. अस्वलाची गणना होते, अळंबीची होत नाही. पण दोघांना एकदम वाचवायचे, तर बांधावरचे वारूळ राहू द्यावे.