कुठवर वाचलं, हे कोणी लक्षात ठेवायचं?

पब्लिश-सबस्क्राइब पद्धतीत निरोप पाठवणारा प्रोग्रॅम कोणाचाही पत्ता लिहीत नाही. तो फक्त विषय लिहितो: ‘ऑर्डर आली’, ‘तापमान बदललं’. त्या विषयासाठी नाव नोंदवलेले प्रोग्रॅम, म्हणजे सबस्क्रायबर, तो निरोप घेतात. दोघांच्या मध्ये ब्रोकर नावाचा सर्व्हर असतो. उद्या बिलं करणारा नवा प्रोग्रॅम जोडला, तरी ऑर्डर घेणाऱ्या प्रोग्रॅममधली एकही ओळ बदलावी लागत नाही.

या पद्धतीचं कौतुक बहुधा इथेच थांबतं. पण खरी कसोटी लागते ती निरोप घेणाऱ्याच्या बाजूला. सबस्क्रायबर मध्येच बंद पडला आणि तासाभराने पुन्हा सुरू झाला, तर त्याने कुठवर वाचलं होतं, हे कोणाच्या लक्षात असतं?

एक उत्तर १९९९ सालचं आहे. वाळवंटातल्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल रचला. तिथे संपर्क महाग होता आणि तुटतही असे. म्हणून आठवण ठेवण्याचं काम ब्रोकरकडे दिलं. सबस्क्रायबरने तशी सोय मागितली असेल, तर तो गैरहजर असताना आलेले निरोप ब्रोकर साठवतो आणि परतल्यावर आपणहून पाठवतो. मात्र निरोप पोचवण्याचा दर्जा पाहावा लागतो: शून्य, एक की दोन. शून्य दर्जाचा निरोप एकदाच पाठवला जातो, पोचला का हे कोणी विचारत नाही. एक दर्जाच्या निरोपाची पोच मिळाली नाही, तर तो पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे दोनदाही येऊ शकतो. दोन दर्जात चार टप्प्यांची देवाणघेवाण होऊन तो नेमका एकदाच पोचतो. पाठवणाऱ्याने दोन दर्जा दिला, पण घेणाऱ्याने शून्यावर नाव नोंदवलं, तर त्याला शून्यच मिळतो. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरं उत्तर याच्या अगदी उलट आहे. जून राव, जे क्रेप्स आणि पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी लिंक्डइनमध्ये काफ्का ही प्रणाली घडवली. ती २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. काफ्कात ब्रोकर निरोप ढकलत नाही, सबस्क्रायबर स्वतः येऊन मागून नेतो. त्यामागचं कारण साधं आहे: ज्याला जेवढं झेपेल तेवढंच त्याने घ्यावं, मंद प्रोग्रॅमवर लोंढा आदळू नये. निरोप इथे रोजकीर्दीसारखे एकाखाली एक लिहिले जातात आणि कोणी वाचले म्हणून खोडले जात नाहीत. वेगळं काही ठरवलं नसेल, तर ते ७ दिवस राहतात. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. आपण कुठवर आलो, तो क्रमांक सबस्क्रायबर सांभाळतो. ब्रोकर तो जपून ठेवतो खरा, पण नोंदवायचा कधी हे सबस्क्रायबर ठरवतो. हिशेब चुकला तर मागचा क्रमांक लावून सगळं पुन्हा वाचता येतं. मला ही या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण हे स्वातंत्र्य फुकट मिळत नाही. क्रमांक आधी नोंदवून मग काम करायला घेतलं आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळला, तर तो निरोप हरवल्यातच जमा. काम आधी करून मग क्रमांक नोंदवायचा म्हटलं, तर कोसळल्यानंतर तोच निरोप पुन्हा हाताशी येतो. शहाणी माणसं दुसरा मार्ग धरतात आणि सबस्क्रायबरच असा लिहितात, की तोच निरोप दोनदा आला तरी बिघडू नये. खात्यात ५०० रुपये जमा करण्याआधी त्या व्यवहाराचा क्रमांक आधीच नोंदलेला आहे का, हे तो तपासतो. तपासणी आणि जमा दोन्ही डेटाबेसच्या एकाच व्यवहारात व्हायला हवीत, नाहीतर फट राहतेच.

निरोपांच्या क्रमाचाही प्रश्न असतो. काफ्कात एक विषय अनेक पार्टिशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वह्यांत, विभागलेला असू शकतो, आणि सबस्क्रायबरांच्या एका गटात एक पार्टिशन एका वेळी एकालाच मिळतं. क्रमाची हमी पार्टिशनपुरतीच असते. म्हणून एका खात्याचे सगळे निरोप एकाच पार्टिशनमध्ये पडतील, हे पाहावं लागतं.

सर्वांत घातक प्रसंग मात्र गाजावाजा न करता येतो. सबस्क्रायबर इतका मागे पडतो, की त्याचा पुढचा क्रमांक येईपर्यंत ती नोंद मुदत संपून पुसली गेलेली असते. काफ्काची मूळ मांडणी अशा वेळी त्याला थेट सर्वांत नव्या निरोपाशी नेते. मधलं सगळं सुटतं, आणि प्रोग्रॅम सुरळीत चालू दिसतो. ही मांडणी बदलता येते: उरलेल्यांतल्या सर्वांत जुन्या निरोपापासून वाचायला सांगता येतं, किंवा चूक दाखवून थांबायला. पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या सबस्क्रायबरसाठी मी थांबणंच निवडेन, आणि तो किती मागे पडला आहे, यावर पहिल्या दिवसापासून गजर लावून ठेवेन.