केपटाउनच्या फाइलमधली दुसरी परदादी

कोकणातल्या मुस्लिम घरांत आफ्रिकेला गेलेल्या माणसांविषयी एक वाक्य ठरलेले असते, ‘गेला आणि तिकडचाच झाला.’ त्यापुढे सहसा कोणी काही विचारत नाही. तिकडे त्याचे घर होते का, त्या घरात कोण होते, त्याची मुले कुठे वाढली, हे प्रश्न घरातल्या बायका गिळून टाकतात आणि पुरुष विषय बदलतात. दोन पिढ्या गेल्या की प्रश्न विचारणारेही उरत नाहीत.

आमच्या घराण्यातही हे वाक्य होते. आमचे परदादा खेड तालुक्यातल्या गावातून १९०२ साली केपटाउनला गेले आणि १९३८ साली तिथेच वारले. मध्ये तीन वेळा गावी येऊन गेले. एवढीच माहिती आमच्यापर्यंत पोचली होती. गेल्या चार वर्षांत आम्ही भावंडांनी कागद शोधले, तेव्हा कळले की केपमध्ये त्यांचा दुसरा निकाह झाला होता आणि त्या निकाहापासून दोन मुलगे व एक मुलगी होती. हा शोध कसा लागला आणि त्याने आमच्यापुढे कोणता प्रश्न ठेवला, ते येथे सांगत आहोत. अनेक वाचकांच्या घरात असाच एखादा बंद कप्पा असेल.

एकटे पुरुष, दूरचे कायदे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले मुस्लिम पुरुष रोजगारासाठी केपटाउनला जाऊ लागले. कोणी भाजीपाला विकला, कोणी फेरी केली, कोणी पुढे लहानसे दुकान टाकले. बहुतेक सगळे एकटे गेले. बायकामुले गावात राहिली.

तिथे त्यांना ‘केप मलाय’ म्हणून ओळखला जाणारा मुस्लिम समाज भेटला. डचांच्या काळात इंडोनेशियाची बेटे, हिंदुस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून गुलाम किंवा कैदी म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. भाषा आफ्रिकान्स, पण फिक्ह शाफई, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचीच. नमाजाची रीत तीच, निकाहाचे मसले तेच. परक्या देशात एकट्या कोकणी माणसाला हे घर जवळचे वाटले, यात नवल नाही. अशा निकाहांतून झालेली कुटुंबे आजही केपटाउनमध्ये आहेत.

पण सरकारी कायदा आडवा होता. केप वसाहतीने १९०२ साली असा कायदा केला, की एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येईल त्यालाच प्रवेश मिळेल. आधीपासून राहणाऱ्यांना सूट होती. १९०६च्या कायद्यानंतर गावी जाऊन परत यायचे तर परवाना घ्यावा लागे. त्यावर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा असे. मुदत उलटली, की परतीचा हक्क संपला.

मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांनी केपच्या न्यायालयात हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना परवानगी आहे, त्या धर्माने लावलेला विवाह कायद्यापुढे विवाह नाही, असा त्याचा अर्थ होता. हिंदू, मुस्लिम, पारशी, सगळ्यांच्याच बायका एका फटक्यात बेकायदा ठरल्या. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, त्यामागे हा निकालही होता. त्यानंतर १९१४ साली हिंदी लोकांसाठी सवलतीचा कायदा आला. एका पत्नीला आणि तिच्या अल्पवयीन मुलांना आणता येईल, पण त्या पुरुषाची दुसरी पत्नी दक्षिण आफ्रिकेत राहत नसावी, आणि दुसऱ्या हयात स्त्रीपासून त्याला तिथे मूल नसावे, अशी अट त्यात होती.

लपवालपवीचे एक मूळ या अटीत आहे. केपच्या बायकोचे नाव सांगितले, तर कोकणातली बायको कधीच येऊ शकणार नाही. कोकणातल्या बायकोला आणायचे, तर केपच्या बायकोला आणि मुलांना कागदावर नाकारावे लागेल.

फाइलमध्ये काय निघाले

केपटाउनच्या रोलंड स्ट्रीटवर सरकारी अभिलेखागार आहे. इमिग्रेशन खात्याच्या आणि मृतांच्या मालमत्तेच्या जुन्या फाइली तिथे जपलेल्या आहेत आणि त्यांची सूची इंटरनेटवर शोधता येते. आम्हाला परदादा आडनावाने सापडलेच नाहीत. तिथल्या कारकुनांनी अनेक कोकणी माणसांच्या बापाचे नावच आडनाव म्हणून लिहून घेतले होते. बापाचे नाव घालून, इंग्रजीत त्याची जितकी वेडीवाकडी रूपे होऊ शकतात तितकी लिहून पाहिली, तेव्हा फाइल मिळाली. ओळखीच्या एका कुटुंबाने प्रती काढून पाठवल्या. गावाचे नाव, बापाचे नाव आणि छायाचित्र, तिन्ही जुळले.

परवान्यांवरच्या तारखांवरून आम्ही हिशोब मांडला. १९०९ मध्ये परदादा गावी आले, तेव्हा परदादींशी निकाह झाला. त्या खेपेला १० महिने राहिले. १९१२मध्ये आले ते १४ महिने, १९२३मध्ये आले ते २० महिने. एकूण ४४ महिने. निकाहापासून परदादांच्या मृत्यूपर्यंत २९ वर्षे झाली. त्यातली चार वर्षेसुद्धा परदादींना नवऱ्यासोबत मिळाली नाहीत.

केपमधला निकाह १९१६चा. मशिदीच्या इमामांनी लावलेला, साक्षीदारांसमोर झालेला. पुढे १९२५मध्ये परदादांनी कोकणातल्या पत्नीला आणण्यासाठी अर्ज केला. ‘या देशात दुसरी पत्नी किंवा मूल आहे का?’ या प्रश्नापुढे त्यांनी लिहिले, ‘नाही.’ त्या वेळी केपच्या घरात तीन मुले होती. अर्जावर ‘चौकशी करावी’ असा शेरा आहे. पुढचे पान नाही. परदादी केपला कधीच गेल्या नाहीत.

दुसरी फाइल मालमत्तेची. तिच्यात परदादांची वसीयत आहे. सरकारी कायदा निकाह मानत नसल्याने वसीयत केली नसती, तर केपच्या बायकोला हक्काने काहीच मिळाले नसते. म्हणून तिथले मुसलमान आपली मालमत्ता शरियतप्रमाणे वाटावी, असे लिहून ठेवत. परदादांनी तेच केले आणि दोन्ही पत्नींची, पाचही मुलांची नावे लिहिली. सरकारी अर्जावर जे नाकारले, ते वसीयतीत कबूल केले.

वाटणीचा तक्ताही आहे. मालमत्तेचे ६४ भाग केले. दोन्ही पत्नींना मिळून आठवा हिस्सा, म्हणजे प्रत्येकीला ४ भाग. तीन मुलग्यांना प्रत्येकी १४, दोन मुलींना प्रत्येकी ७. आमच्या घराच्या वाट्याला परदादी, मुलगा आणि मुलगी मिळून २५ भाग आले, आणि ते पैसे १९३९ साली बँकेमार्फत हिंदुस्तानात पाठवले गेले. कागदावर केपच्या थोरल्या मुलाची सही आहे. वय २१ वर्षे. कधीही न पाहिलेल्या सावत्र आईचा आणि भावंडांचा हक्क त्याने पाठवला. त्याच पैशांत आमच्या घरावर मंगलोरी कौले चढली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पैसे कोणी पाठवले, हे मात्र कधी ऐकले नव्हते.

परदादींना ठाऊक होते का?

आमची थोरली फुफी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला एकटीला बसवून विचारले. ती म्हणाली, “अरे, तिला सगळं ठाऊक होतं. दादा गेल्यावरही आफ्रिकेचं पत्र यायचं. मास्तर वाचून दाखवायचे. ती आधी विचारायची, पोरं बरी आहेत म्हणून लिहिलंय का? कुठली पोरं, ते आम्ही कधी विचारलं नाही.”

पुढे १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला, संबंध बिघडत गेले आणि आमच्या घरी येणारी पत्रेही थांबली. १९६६ साली केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून उठवले गेले. परदादांचे केपचे घर त्याच भागात होते. तिथल्या नातवंडांना भेटलो, ते फोनवर. त्यांना आमच्या गावाचे नाव पाठ होते, ते गाव नकाशावर कुठे आहे हे माहीत नव्हते. घर सोडताना जुन्या पेट्या हरवल्या, त्यात परदादांचे एकमेव छायाचित्रही गेले. आम्ही आमच्याकडचे पाठवले.

आमच्याकडची बाकी

यानंतर आम्ही गावातले कागद काढले. परदादांच्या नावावर शेती आणि आंब्याची कलमे होती. त्यांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात वारस म्हणून दोनच नावे आहेत, पत्नी आणि मुलगा. केपच्या तीन मुलांचे नाव नाही, केपच्या परदादीचे नाही, आणि सख्ख्या मुलीचेही नाही. त्याच ६४ भागांच्या हिशोबाने या जमिनीत ३९ भाग केपचे होते. त्यांनी आमचे २५ भाग समुद्रापलीकडून पोचवले. आमच्या बाजूने त्यांच्या ३९ भागांचा उल्लेखसुद्धा झाला नाही.

हे घरात सांगितले, तेव्हा पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. ‘आता ते हिस्सा मागायला येतील. कशाला उकरून काढलेत?’ केपच्या भावंडांनी आजवर काहीही मागितलेले नाही. पण मागितले नाही म्हणून हक्क संपत नाही, हे आपण मुलांना मक्तबमध्ये शिकवतो. मीरासचे हिस्से अल्लाहने ठरवलेले आहेत, घरातल्या मोठ्यांच्या सोयीने ते बदलत नाहीत. आम्ही एका आलिमांकडे सगळे कागद ठेवले आहेत. सख्ख्या फुफीदादींच्या वंशजांचा आणि केपच्या वंशजांचा, दोन्ही हिशोब एकत्रच मांडायचे, असे ठरले आहे. घरातले सगळे अजून राजी नाहीत. बोलणी चालू आहेत.

परदादांविषयी आम्हाला विचारले जाते, की त्यांनी चूक केली का? दुसरा निकाह गुन्हा नव्हता. सूरह निसामध्ये त्याची परवानगी अद्ल या अटीसह आहे, आणि एकीला अधांतरी सोडू नये अशी ताकीदही त्याच सूरहमध्ये आहे. कायद्याने त्यांची कोंडी केली, हे खरे. पण ४४ महिन्यांचा संसार परदादींनी केला आणि ‘नाही’ या एका शब्दाने केपची परदादी पुसली गेली, हेही खरे. दोघींचे दुःख एकाच माणसाच्या मौनातून आले. दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठाने मुस्लिम विवाहांना मान्यता न देणे घटनाबाह्य ठरवले ते जून २०२२ मध्ये. तोवर दोघीही कबरीत होत्या.

ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी

घरापासून सुरुवात करा. मनीऑर्डरच्या पावत्या, जुनी पत्रे, पासपोर्ट, छायाचित्रामागचा शिक्का, काहीही टाकू नका. मग जमातीचे निकाहाचे दफ्तर, तलाठी कार्यालयातले फेरफार, जन्ममृत्यूची जुनी नोंद असलेला गाव नमुना १४ आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहा. परदेशातल्या कागदांत आडनावापेक्षा बापाचे आणि गावाचे नाव शोधा. उर्दू पत्रे वाचता येत नसतील, तर वाचणारे वडीलधारे आहेत तोवर वाचून घ्या.

काही सापडले, तर आधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला एकटीला भेटा. अनेकदा तिला ठाऊक असते, फक्त कोणी विचारलेले नसते. आणि जमिनीचा प्रश्न येणार म्हणून शोध थांबवू नका.

आमच्या शजऱ्यात आता दोन परदादी आहेत आणि पाच मुले. मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने ओळखा, असा हुकूम सूरह अहजाबमध्ये आहे. केपच्या तिघांची नावे बापाच्या नावाखाली लिहायला आमच्या घराला शंभर वर्षे लागली. अल्लाह दोन्ही मरहूमांची मगफिरत करो आणि आम्हाला राहिलेला हिशोब पुरा करण्याची तौफीक देवो.