साप पकडायचे किती घेणार?

पावसाचा जोर वाढला की वसई-विरारमधल्या सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. बिळांत पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधत चाळीच्या मोरीत, इमारतीच्या मीटरखोलीत, केळीच्या वाडीतल्या पंपघरात शिरतात. पत्ता सांगून झाला की बऱ्याच घरांतून पुढचा प्रश्न येतो : किती घेणार?

सापाचा भाव लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार पकडलेला वन्यप्राणी शासनाचा असतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि बिनविषारी धामणसुद्धा अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. घरमालक पैसे देतो ते पेट्रोलचे, वेळेचे आणि समोरच्याने पत्करलेल्या धोक्याचे. म्हणूनच दारात उभे राहून घासाघीस करणे चुकीचे. शिवाय साप पिशवीत गेला की भीतीही ओसरते, आणि मघाशी कबूल केलेली रक्कम अचानक जास्त वाटू लागते. प्रवासखर्चाचे बोलणे फोनवरच व्हावे.

पैशांविनाही असे काम चालत आले आहे. भातकापणीनंतर कातकरी मंडळी बांधावरची बिळे खणून उंदीर पकडतात. उंदीर आणि बिळात साठलेले दाणे हीच त्यांची कमाई, शेतकऱ्याची नासाडी थांबते. तमिळनाडूतल्या इरुळ आदिवासींनी साप पकडण्याच्या कौशल्याला संस्थेचे रूप दिले. 1978 साली स्थापन झालेली त्यांची सहकारी संस्था सापाच्या जातीनुसार ठरलेला दर देते, विष काढून घेते आणि साप पुन्हा रानात सोडते. पकडणाऱ्याला कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही.

महाराष्ट्रात माकडांसाठी असा दर ठरला आहे. प्रशिक्षित पकडणाऱ्याला पहिल्या दहा माकडांपर्यंत प्रत्येकी 600 रुपये, त्यापुढे 300, आणि एकूण मर्यादा 10 हजारांची. पकडलेल्या प्रत्येक माकडाचा फोटो काढणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच. नगावर पैसे मिळू लागले की तेच माकड दोनदा मोजण्याचा मोह होऊ शकतो.

बिबट्याची गोष्टच निराळी. 2024 च्या मार्चअखेर वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला, रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या फेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि एप्रिलमध्ये तो वनविभागाच्या पिंजऱ्यात सापडला. हा सगळा खर्च सरकारी. एकाही रहिवाशाला बिल आले नाही.

नाग पकडणारा मात्र बहुधा स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या जोखमीवर येतो. 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांसाठी अधिकृत ओळखपत्र आणि 10 लाखांचा अपघात विमा जाहीर केला. दंशानंतरच्या उपचारांचा भार कुटुंबावर पडतो, तेव्हा दोन-पाचशेच्या मानधनाने काय भागणार? म्हणून विमा आधी प्रत्येकाच्या हाती पडायला हवा, दरपत्रक नंतर. तोवर घरात साप निघाला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे आणि त्याच्या पेट्रोलचे पैसे न मागता द्यावेत.