दूरदेशीचा ठेका आणि निनावी हात

लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने ‘अलबेला’तली चाल काढली, की आपल्या जालन्यातही नाचणाऱ्यांना वयाचे भान राहत नाही. ती चाल मराठी माणसाची, हे आपण जाणतो. पण असल्या चालींत ठेका कुठून आला आणि कोणाच्या हातांनी आला, हे सहसा विचारीत नाही. जन्म कामगारांत गेल्यामुळे आम्हांला दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

प्रथम ब्राझीलकडे पाहू. सांबा हा तिथला ताल. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांत तो वाढला. त्यात मोठ्या ढोलाचा जोर दोहोंपैकी दुसऱ्या ठोक्यावर असतो. आपल्या कानांना समेची सवय. म्हणून तो आघात मागून आल्यासारखा वाटतो आणि पाय आपोआप उचलतो. ब्राझीलमध्ये वाढलेली कार्मेन मिरांडा १९३९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली आणि तिने अमेरिकेला या तालाची गोडी लावली. पुढे ब्राझीलच्या तरुणांनी सांबा हळुवार केला. ढोलाचे काम गिटारीवर आणले आणि गाणे कानाशी बोलल्यासारखे केले. हाच ‘बोसा नोव्हा’. १९६२ साली त्याची मैफल न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाली. १९६७ साली फ्रँक सिनात्रासारख्या बड्या गायकानेही अंतोनियो कार्लोस जोबीम यांची गाणी, त्यांनाच साथीला घेऊन, आवाज खाली आणून म्हटली. तबकडीवर दोघांचीही नावे छापली गेली. हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडे येऊ. मिरांडाने १९४५च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटात म्हटलेल्या एका गाण्याच्या चालीवरून सी. रामचंद्र यांनी १९५०च्या ‘समाधी’तले ‘गोरे गोरे’ बांधले. हे चितळकर मूळचे पुणतांब्याचे. परंतु हार्मोनियमवर चाल सुचणे निराळे आणि ती वाद्यवृंदाकडून वाजवून घेणे निराळे. ट्रंपेटने कुठे शिरायचे, व्हायोलिनांनी कोणता स्वर धरायचा, हे प्रत्येकाला कागदावर लिहून द्यावे लागते. ती पाश्चात्त्य स्वरलिपी गोमंतकीय वादकांना अवगत होती. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून ती मुलांना शिकवीत. मुंबईच्या हॉटेलांत जाझ आणि रुंबा वाजवणारे हे लोक पुढे स्टुडिओत आले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे चितळकरांचे साहाय्यक. १९५१च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

पण दिसणे म्हणजे नाव होणे नव्हे. तबकडीवर गायकाचे आणि संगीत दिग्दर्शकाचे नाव येई. स्वर लिहून देणारा फार तर ‘साहाय्यक’, वाजवणारा तोही नाही. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचेच पाहा. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे ते नाव घरोघरी झाले. ते गाणे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूंच्या आदरापोटी रचले, हे गुणगुणणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक होते?

जिनिंगमध्ये गाठ बांधणारा एक असतो आणि गाठीवर शिक्का दुसऱ्याचाच असतो. चाल परक्या देशाची घेतली यात आम्हांला कमीपणा दिसत नाही. कला अशीच फिरते. ज्यांनी ती खांद्यावरून वाहून आणली त्यांची नावे पुसली गेली, कमीपणा तेवढ्यात आहे. तेव्हा पुढच्या वरातीत क्लॅरिनेटवाल्याला निदान त्याचे नाव तरी विचारू या.