शून्य-शून्यचा आठवडा

ऑगस्ट सरता सरता अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सीझन सुरू होतो आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक टीमला वाटतं, यंदाचं वर्ष आपलंच! कायम हरणाऱ्या टीमच्या प्रेमात पडलेल्या एका पुणेकर फॅनची ही गोष्ट.

३० ऑगस्ट २०२५, शनिवारची मध्यरात्र. घरात गणपती. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या, म्हणून आई मुखवटे पुसत बसलेली. आणि मी? ओट्याला टेकून मोबाइलमध्ये डोकं घातलेलं.

‘‘एवढ्या रात्री कुणाचा व्हिडीओ कॉल?’’

‘‘मॅच आहे गं.’’

‘‘कुणाची?’’

‘‘माझ्या कॉलेजची.’’

आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, ‘‘अगं, पास होऊन दोन वर्षं झाली तुला. आता कसली कॉलेजची मॅच?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मात्र जरा लांबलचक आहे. तेव्हा चहा घ्या आणि बसा!

हा फुटबॉल तो नव्हे

आधी एक खुलासा. हा मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल नाही. हेल्मेट घालून, खांदे फुगवून एकमेकांवर आदळतात ना, तो हा अमेरिकन फुटबॉल. मैदान शंभर यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याचा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाऊन, सहा पॉइंट. एवढं कळलं की तुम्ही फॅन व्हायला मोकळे.

आणि कॉलेजची टीम म्हणजे आपली इंटर-कॉलेज स्पर्धा समजू नका. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजार लोक बसतात. वरच्या पातळीवर सव्वाशेहून जास्त विद्यापीठं खेळतात. ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला रेग्युलर सीझनच्या मॅचेस येतात फक्त बारा. आयपीएलमध्ये पहिल्या चार हरलात तरी पुढे सावरून घेता येतं. इथे वर्षानुवर्षं अशी परिस्थिती होती, की एक मॅच हरलात तरी चॅम्पियनशिपचं स्वप्न डळमळायचं. २०२४च्या सीझनपासून प्लेऑफमध्ये चारऐवजी बारा टीम्स घ्यायला लागले, तेव्हा कुठे जरा श्वास घ्यायला जागा झाली.

म्हणूनच पहिल्या आठवड्याची ती नशा! आठ महिने वाट पाहिलेली असते. सगळ्यांच्या नावापुढे शून्य विजय, शून्य पराभव. त्या एका आठवड्यापुरते सगळे सारखेच.

मोदक आणि पार्किंग लॉट

पुण्यात मास कॉम केलं आणि २०२१मध्ये मास्टर्ससाठी मी इंडियाना विद्यापीठात गेले. ब्लूमिंग्टन नावाचं टुमदार गाव. तिथे राज्य बास्केटबॉलचं. विद्यापीठानं बास्केटबॉलची नॅशनल चॅम्पियनशिप चक्क पाच वेळा जिंकलेली. आणि फुटबॉल? फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास. मी गेले तेव्हा वरच्या पातळीवरच्या टीम्समध्ये सर्वाधिक पराभव आमच्याच नावावर होते. मी आल्या आल्या पहिल्याच मॅचला आयोवानं आम्हाला ३४-६ असं धुतलं. सीझनअखेर हिशेब : विजय दोन, पराभव दहा. माझा पायगुण म्हणा हवं तर!

दुसऱ्या वर्षी पहिली मॅच शुक्रवारी रात्री होती, २ सप्टेंबर २०२२, इलिनॉयविरुद्ध. बुधवारीच गणेश चतुर्थी झालेली. आम्ही चार देशी मुलींनी मिळून तळणीचे मोदक केले होते आणि नेहमीप्रमाणे अंदाज चुकून डबाभर उरले होते. माझी रूममेट तिथल्याच एका छोट्या गावातली. ती म्हणाली, ‘‘डबा घे, बाबांच्या टेलगेटला जाऊ.’’

टेलगेट म्हणजे मॅचच्या आधीची पार्किंग लॉटमधली जत्रा. चार-पाच तास आधीपासून गाड्यांच्या डिक्क्या उघडतात. शेगड्या पेटतात, सॉसेज भाजली जातात, घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात. ओळख असो-नसो, हातात प्लेट येतेच. मला एकदम आमच्या गल्लीतल्या मांडवाची आठवण झाली. आमच्याकडे तर अशी ख्याती, की अर्धे लोक टेलगेट करून घरी जातात, स्टेडियमच्या आत जातच नाहीत! कशाला जायचं? हरायला?

रूममेटचे बाबा मात्र जाणारे. त्यांच्या वडिलांपासून घरात सीझन तिकीट. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायचे. काकांनी मोदक उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘‘हा लकी असतो का?’’

‘‘विघ्नं दूर करणाऱ्या देवाचा आहे.’’

‘‘मग आणखी दोन दे,’’ काका म्हणाले, ‘‘आमच्याकडे विघ्नं खूप आहेत.’’

त्या रात्री आम्ही शेवटच्या मिनिटात टचडाऊन करून २३-२० असं जिंकलो. अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून ओरडत होती आणि मीही ओरडत होते. दोन वर्षांच्या परदेशातल्या मुक्कामात ‘आपण’ हा शब्द मी पहिल्यांदा तिथे वापरला. आपण जिंकलो!

पुढे काय झालं? पहिल्या तीन मॅचेस जिंकलो. मग ओळीनं सात हरलो. सीझनअखेर चार विजय, आठ पराभव. काका मात्र प्रत्येक घरच्या मॅचला आत जाऊन बसले.

माझाही हरलेला सीझन

२०२३च्या मेमध्ये डिग्री मिळाली आणि माझा स्वतःचा सीझन सुरू झाला. सव्वाशे अर्ज केले. एका कंपनीनं इंटरव्ह्यूच्या तीन फेऱ्या घेतल्या आणि मग ती पोस्टच रद्द केली. डिसेंबरमध्ये दोन बॅगा आणि एज्युकेशन लोन घेऊन मी पुण्यात परतले. ‘‘परत कशी आलीस?’’ या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं. फ्रीलान्सिंग सुरू केलं, कारण दुसरं काही मिळेना. खरं सांगते, ती दोन वर्षं मला वाया गेल्यासारखी वाटायची.

योगायोग बघा, मी निघाले त्याच सुमारास इंडियानानं कोच टॉम ॲलन यांना काढलं आणि बासष्ट वर्षांच्या कर्ट सिग्नेटींना आणलं. पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना कसं पटवता? तर हे गृहस्थ म्हणाले, मी जिंकतो, गुगल करून बघा! मी पुण्यात बसून हसले. अशी वाक्यं आम्ही खूप ऐकली होती.

२०२४मध्ये हेच कोच पहिल्या दहाच्या दहा मॅचेस जिंकले. आणि मला आनंदाच्या आधी काय वाटलं, माहितेय? हेवा. मी होते तेव्हा का नाही?

पहिल्या आठवड्याच्या थापा

पहिल्या आठवड्यात जे दिसतं ते खरं मानायचं की नाही? २०२५चंच उदाहरण घ्या. फ्लोरिडा स्टेटनं बलाढ्य अलाबामाला ३१-१७ असं हरवलं. सगळीकडे एकच गलका : फ्लोरिडा स्टेट इज बॅक! पुढे त्या फ्लोरिडा स्टेटनं सीझन संपवला पाच विजय आणि सात पराभवांवर. हरलेली अलाबामा प्लेऑफमध्ये पोचली. म्हणजे थापच की!

पण थांबा. त्याच वीकएंडला मायामीनं नॉत्र दामला २७-२४ असं हरवलं. फक्त तीन पॉइंट्सचा फरक. डिसेंबरमध्ये प्लेऑफच्या टीम्स निवडताना दोघांचाही हिशेब सारखाच, दहा विजय आणि दोन पराभव. निवड समितीनं मायामीला घेतलं, नॉत्र दाम बाहेर. का? तर ३१ ऑगस्टची ती मॅच! मायामी तिथून थेट फायनलला गेली.

आणि त्याच शनिवारी इंडियानानं ओल्ड डोमिनियनला २७-१४ असं हरवलं. मी ओट्याला टेकून पाहिलेली मॅच ती हीच. रूममेटनं तिच्या टीव्हीसमोर फोन टेकवून ठेवला होता. मध्येच काकांचं डोकं आडवं यायचं. कुठे हेडलाइन नाही, काही नाही. कुणी फारसं लक्षही दिलं नाही.

स्विच मारणारे हीरो

आता जरा कडू भाग. ‘कॉलेजसाठी खेळणारी साधी मुलं’ हे चित्र आता जुनं झालं. जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे कमावता येतात. २०२५मध्ये कोर्टानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. ‘ट्रान्स्फर पोर्टल’मध्ये नाव टाकून खेळाडू दरवर्षी टीम बदलू शकतो. सिग्नेटी तर येताना जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आले. आमचा स्टार क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून आलेला.

जुने फॅन कुरकुरतात. निष्ठा राहिली नाही, म्हणतात. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मग आमच्या ग्रुपकडे पाहिलं. दीड-दोन वर्षांत स्विच न मारलेला एक तरी आहे? आपण सीटीसी बघून कंपनी बदलतो तेव्हा त्याला करिअर म्हणतो. एकविसाव्या वर्षी गुडघे पणाला लावणाऱ्या पोरानं तेच केलं की निष्ठा आठवते! आणि इतकी वर्षं या पोरांच्या जिवावर कोच लोक गब्बर होतच होते की. तेव्हा कुणाला काही खुपत नव्हतं.

फक्त एक आहे. सगळेच स्विच मारत असताना जो थांबतो, त्याच्याकडे जरा जास्त प्रेमानं पाहिलं जातं.

सकाळी सहाची फायनल

इंडियाना त्या सीझनमध्ये हरलीच नाही. १९६७ नंतर पहिल्यांदा बिग टेन ही आपली लीग जिंकली. रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३ असं चिरडलं. आणि २० जानेवारी २०२६, आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहा वाजता, फायनल. समोर मायामी, तीही त्यांच्याच घरच्या स्टेडियममध्ये.

फोन पुन्हा ओट्यावर. आई पोहे भिजवत होती, पण एक डोळा स्क्रीनकडे. ‘‘लाल ते आपले ना?’’ तिनं विचारलं. आपले! मी काही बोलले नाही.

शेवटच्या मिनिटात आम्ही २७-२१ असे पुढे, चेंडू मायामीकडे. एक टचडाऊन आणि खेळ खल्लास. त्यांच्या क्वार्टरबॅकनं लांब फेकलेला चेंडू हवेतच झेलला आमच्या जमारी शार्पनं. हा मुलगा मूळचा मायामीचाच. आणि टॉम ॲलनच्या वेळचा. हरणाऱ्या वर्षांत सोडून न गेलेला.

सोळापैकी सोळा विजय. इंडियाना, नॅशनल चॅम्पियन!

स्क्रीनवर काका दिसले. ते ओरडले नाहीत. टोपी काढली आणि चेहऱ्यावर धरून बसून राहिले. मला वाटलं होतं, आपण तिथे नाही म्हणून वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. चार विजय आणि आठ पराभवांच्या वर्षी मी त्यांच्या शेजारी बसले होते, म्हणूनच तर त्या टोपीमागे काय चाललंय ते मला कळत होतं. ती दोन वर्षं वाया गेली असं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

आईनं देवापुढे साखर ठेवली. ‘‘जिंकले ना एकदाचे? मग आता झोपशील रात्रीची?’’

तिकडे काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली होती. मी विचारलं, ‘‘आता काय?’’

‘‘आता ऑगस्टपर्यंत वाट बघायची,’’ काका म्हणाले. ‘‘पुन्हा शून्य-शून्य. आणि या वेळी मोदक कुरिअरनं पाठव.’’